वृषणाचा कॅन्सर आणि दुर्बिणीतून किंवा रोबोटने लसिका ग्रंथी काढण्याचं ऑपरेशन: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

वृषणाचा कॅन्सर प्रामुख्याने १५ ते ४० या वयात होतो, त्यामुळे इथले प्रश्न तरुण रुग्णांचे, त्यांच्या आईवडिलांचे आणि जोडीदारांचे आहेत. ते ज्या शब्दांत विचारले जातात, जवळपास तसेच ठेवले आहेत. सगळं सलग वाचायची गरज नाही. एका उत्तराचा दुसऱ्याशी संबंध असेल तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

सुरुवातीलाच एक गोष्ट मनाशी पक्की धरा. हा कॅन्सर बरा होतो. सगळ्या स्टेज धरल्या तरी सुमारे ९५ टक्के रुग्ण बरे होतात. म्हणून उपचार ठरवताना आजच्या गाठीइतकाच पुढच्या ४०-५० वर्षांच्या आयुष्याचाही विचार करावा लागतो.

१. वृषण तर काढून टाकलं. मग आता पोटाचं ऑपरेशन कशाला?

बाळ गर्भात असताना वृषणं पोटात, किडनीच्या जवळ तयार होतात आणि नंतर खाली उतरतात. उतरताना त्यांच्या रक्तवाहिन्या आणि लसिकावाहिन्याही सोबत येतात. म्हणून वृषणातून निसटलेल्या कॅन्सरच्या पेशी सहसा जांघेतल्या ग्रंथींकडे न जाता पोटाच्या मागच्या भागात, महाधमनी आणि महाशिरा या दोन मोठ्या रक्तवाहिन्यांभोवतीच्या लसिका ग्रंथींत (लिम्फ नोडमध्ये) जाऊन पोचतात. उजव्या वृषणातून त्या बहुधा या दोन वाहिन्यांच्या मधल्या ग्रंथींत जातात, डाव्या वृषणातून महाधमनीच्या डाव्या बाजूच्या ग्रंथींत. जांघेतून वृषण काढल्यावर मूळ गाठ जाते, पण पेशी आधीच वर पोचल्या असतील तर त्या तिथेच राहतात. हे पोटाचं ऑपरेशन त्या ग्रंथींसाठी असतं. ते प्रत्येकाला लागत नाही (प्रश्न ४ पाहा).

२. आरपीएलएनडीमध्ये नक्की काय काढतात? कुठला अवयव जातो का?

आरपीएलएनडी म्हणजे रेट्रोपेरिटोनियल लिम्फ नोड डिसेक्शन. किडनीच्या रक्तवाहिन्यांपासून खाली महाधमनी दुभंगते तिथपर्यंत आणि त्याही थोडं पुढे, दोन्ही बाजूंना मूत्रवाहिन्यांच्या मर्यादेत, मोठ्या रक्तवाहिन्यांभोवतीची चरबी आणि तिच्यातल्या सगळ्या लसिका ग्रंथी सोलून काढतात. कॅन्सर कुठल्या बाजूचा आणि किती पसरलेला आहे यावरून हा पट्टा एका बाजूपुरता ठेवायचा की दोन्ही बाजूंचा घ्यायचा, हे ठरतं. वृषणाकडून येणारी शीर आणि मागे राहिलेला शुक्ररज्जूचा (वृषण ज्याला लटकलेलं असतं त्या दोरीसारख्या जुडग्याचा) तुकडाही जांघेच्या आतल्या तोंडापर्यंत काढला जातो, कारण तिथेही पेशी राहू शकतात.

एरवी कुठलाही अवयव काढत नाहीत. केमोनंतरची मोठी गाठ किडनीला किंवा महाशिरेला चिकटलेली असेल तरच त्या अवयवाचा भाग काढावा लागू शकतो, आणि त्याची कल्पना आधी दिली जाते.

३. ओपन, दुर्बिणीचं आणि रोबोटिक यांत फरक काय?

ओपन ऑपरेशनमध्ये छातीच्या हाडाखालून बेंबीच्या खालपर्यंत उभा छेद असतो. दुर्बिणीच्या ऑपरेशनमध्ये पोटात कार्बन डायऑक्साइड भरून जागा करतात आणि साधारण ५ ते १२ मिलिमीटरच्या काही छिद्रांतून कॅमेरा आणि हत्यारं आत घालतात. रोबोटिकमध्येही छिद्रंच असतात, पण हत्यारं यांत्रिक हातांना जोडलेली असतात आणि ते हात शेजारच्या कन्सोलवर बसलेला सर्जन चालवतो. रोबोट स्वतःहून काहीही करत नाही. त्याचा फायदा असा की चित्र त्रिमितीय आणि मोठं दिसतं, आणि हत्यारं मनगटासारखी वळतात. महाधमनीच्या मागे टाका घालायचा असतो तेव्हा हे वळणं फार उपयोगी पडतं.

दुर्बिणीतून पहिलं आरपीएलएनडी १९९२ मध्ये नोंदवलं गेलं, रोबोटिक २००६ मध्ये. ओपन पद्धतीचा अनुभव त्याहून कितीतरी जुना आहे, आणि आजही बाकी पद्धती तिच्याशीच ताडून पाहिल्या जातात.

छिद्रं लहान असली तरी आतलं काम तेवढंच मोठं असतं. काढायचा भाग तोच, वाचवायच्या नसा त्याच. ‘छोटं ऑपरेशन’ असं कोणी म्हणालं तर ते फक्त कातडीपुरतं खरं आहे.

४. हे ऑपरेशन नेमकं कोणाला सुचवतात?

ढोबळपणे तीन प्रकारच्या रुग्णांना. पहिले, ज्यांच्या ग्रंथी सीटी स्कॅनवर साध्या दिसतात पण आत सूक्ष्म कॅन्सर असण्याची शक्यता आहे (स्टेज १, प्रश्न ५). दुसरे, ज्यांच्या पोटातल्या ग्रंथी थोड्या वाढल्या आहेत आणि रक्तातले मार्कर (हा कॅन्सर असला की रक्तात वाढू शकणारे पदार्थ, प्रश्न ७) नॉर्मल आहेत. २ सेंटिमीटरपर्यंतच्या ग्रंथींना स्टेज २ए म्हणतात, २ ते ५ सेंटिमीटरना २बी. तिसरे, ज्यांची केमो झाली पण गाठ पूर्ण गेली नाही (प्रश्न ८ आणि ९).

दुर्बीण किंवा रोबोटसाठी पहिले दोन गट जास्त सोयीचे असतात. तिसऱ्या गटात फार निवडून पावलं टाकावी लागतात.

५. माझा सीटी स्वच्छ आहे, मार्करही उतरले. तरी ऑपरेशन करायचं की नुसतं लक्ष ठेवायचं?

सर्वांत जास्त वेळा येणारा आणि घरात सर्वांत जास्त वाद होणारा प्रश्न हाच. वृषणाच्या कॅन्सरचे सेमिनोमा आणि नॉन-सेमिनोमा असे दोन मुख्य प्रकार आहेत. नॉन-सेमिनोमा प्रकारात, स्टेज १ मध्ये पुढे काहीच केलं नाही तर साधारण २५ ते ३० टक्के रुग्णांत कॅन्सर परत येतो. बायॉप्सीच्या रिपोर्टमध्ये गाठीतल्या रक्तवाहिन्यांत किंवा लसिकावाहिन्यांत कॅन्सर शिरलेला दिसला असेल तर हा धोका जवळपास ५० टक्क्यांवर जातो. तसं नसेल तर १५ टक्क्यांच्या आसपास राहतो. म्हणून रिपोर्टमधली ती एक ओळ डॉक्टरांना मुद्दाम विचारा.

पर्याय तीन. नियमित तपासण्यांवर राहायचं, बीईपी या तीन औषधांच्या केमोची एक सायकल (फेरी) घ्यायची, किंवा आरपीएलएनडी करायचं. तिन्ही वाटांनी शेवटी वाचणाऱ्यांचं प्रमाण ९९ टक्क्यांच्या आसपास आहे, कारण परत आलेला कॅन्सरही बहुतेक वेळा केमोने बरा होतो. म्हणजे कुठल्या वाटेने जायचं हे बऱ्याच अंशी आपल्या हातात आहे.

कमी धोका असलेल्या आणि तपासण्यांना न चुकता येऊ शकणाऱ्या रुग्णाने लक्ष ठेवण्याचाच मार्ग घ्यावा, असं आमचं मत आहे. अशा १०० जणांपैकी सुमारे ८५ जणांना पुढे काहीच लागत नाही. ‘रोबोटने चार छिद्रांत होतंय ना, मग करून टाकू’ हे ऑपरेशनचं कारण होऊ शकत नाही. ऑपरेशन सोपं वाटू लागलं म्हणून ते गरजेचं ठरत नाही. धोका जास्त आहे आणि केमो टाळायची आहे, किंवा गाठीत टेराटोमाचा (केमोला दाद न देणाऱ्या गाठीच्या प्रकाराचा) भाग मोठा आहे (प्रश्न ८ आणि १८), अशा वेळी ऑपरेशनचा विचार योग्य ठरतो.

६. माझा सेमिनोमा आहे. सेमिनोमात तर रेडिएशन किंवा केमो देतात ना?

अनेक वर्षं तसंच होतं, आणि आजही ते प्रमाण उपचार आहेत. पण तरुण वयात घेतलेल्या रेडिएशनने आणि केमोने पुढे दुसरा कॅन्सर आणि हृदयविकार होण्याचा धोका वाढतो. म्हणून पोटात लहान ग्रंथी असलेल्या निवडक सेमिनोमा रुग्णांवर थेट ऑपरेशन करून पाहिलं गेलं. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘सेम्स’ या अभ्यासात १ ते ३ सेंटिमीटरच्या ग्रंथी असलेले ५५ रुग्ण होते. दोन वर्षांनंतर त्यांच्यातले ८१ टक्के पुन्हा कॅन्सर न होता होते. ज्यांना परत झाला त्यांना पुढचे उपचार मिळाले आणि त्या काळात कोणीही दगावलं नाही. जर्मनीतल्या ‘प्राइमटेस्ट’ अभ्यासात ३३ रुग्ण होते. तिथे परत येण्याचं प्रमाण थोडं जास्त, सुमारे ३० टक्के निघालं.

याचा अर्थ असा की ऑपरेशन निवडलं तर पाचातल्या चौघांची, किंवा दहातल्या सातांची, केमो आणि रेडिएशन दोन्ही टळू शकतात. उरलेल्यांना ऑपरेशनही होतं आणि केमोही. हा सौदा मान्य आहे का, हे रुग्णानेच ठरवायचं असतं.

७. मार्कर वाढलेले आहेत म्हणून सर्जनने ऑपरेशन नाकारलं. दुसऱ्या सर्जनला विचारू का?

दुसरं मत जरूर घ्या, पण पहिल्या सर्जनचं म्हणणं बहुधा बरोबर आहे. एएफपी आणि बीटा एचसीजी हे मार्कर वृषण काढल्यावर ठरावीक गतीने उतरायला हवेत. एएफपी दर ५ ते ७ दिवसांनी निम्मं होतं, बीटा एचसीजी साधारण दीड दिवसात. ते उतरत नसतील किंवा चढत असतील तर कॅन्सर पोटाबाहेरही असण्याची शक्यता मोठी असते, आणि पोटातल्या ग्रंथी काढून तो आटोक्यात येत नाही. अशा वेळी आधी केमोच द्यायची असते. जांघेतलं ऑपरेशन नुकतंच झालं असेल तर मात्र मार्कर उतरायला वेळ द्या आणि तपासणी पुन्हा करा.

सेमिनोमा असं निदान आहे आणि एएफपी वाढलेलं आहे, असं असेल तर तेही लगेच डॉक्टरांच्या नजरेस आणा. शुद्ध सेमिनोमा एएफपी तयार करत नाही. यकृताचं वगैरे दुसरं कारण नसेल तर अशा रुग्णावर नॉन-सेमिनोमा धरून उपचार करतात.

८. केमोने मार्कर नॉर्मल झाले, गाठही आक्रसली. मग उरलेली गाठ काढायची कशाला?

कारण आत काय उरलंय हे स्कॅन सांगू शकत नाही. नॉन-सेमिनोमात केमोनंतर काढलेल्या गाठींपैकी साधारण ४० ते ५० टक्क्यांत फक्त मेलेल्या पेशी आणि व्रणाचा भाग निघतो. जवळपास तितक्याच वेळा टेराटोमा निघतो, आणि १० ते १५ टक्क्यांत जिवंत कॅन्सर. टेराटोमावर केमो आणि रेडिएशनचा परिणाम होत नाही. तो सावकाश वाढून किडनी, आतडी, रक्तवाहिन्या दाबू शकतो, आणि क्वचित वर्षांनंतर वेगळ्याच कॅन्सरमध्ये बदलतो. त्यावर उपाय एकच, तो काढणं. म्हणून नॉन-सेमिनोमात १ सेंटिमीटरपेक्षा मोठी गाठ उरली तर ऑपरेशन सुचवतात.

सेमिनोमाचं गणित वेगळं आहे. तिथे उरलेली गाठ बहुधा मेलेलीच असते. ३ सेंटिमीटरपेक्षा मोठी असेल तर केमो संपून किमान ६ ते ८ आठवडे झाल्यावर पेट (PET) स्कॅन करतात, ज्यात जिवंत कॅन्सर उजळून दिसतो, आणि त्यावरून पुढचं ठरतं. नॉन-सेमिनोमात पेट स्कॅनवर विसंबता येत नाही, कारण टेराटोमा त्यात उजळत नाही.

९. केमोनंतरचं हे ऑपरेशन दुर्बिणीतून किंवा रोबोटने होऊ शकतं का?

निवडक रुग्णांत होतं. पण ‘निवडक’ या शब्दावर भर द्यायला हवा. केमोनंतर ग्रंथींभोवतीचे पदर एकमेकांत सिमेंट ओतल्यासारखे घट्ट होतात. महाधमनी आणि महाशिरेच्या भिंतीवरून गाठ सोडवणं हे यूरॉलॉजीतल्या सर्वांत अवघड कामांपैकी एक आहे. एखादी शीर फाटली तर पोट उघडं असताना बोटाने दाबता येते. छिद्रांतून काम करताना तेवढा वेळ मिळेलच असं नाही.

गाठ लहान असेल, एका बाजूला असेल, मोठ्या रक्तवाहिन्यांना वेढून बसलेली नसेल आणि सर्जनचा या कामाचा अनुभव मोठा असेल, तर रोबोटचा विचार करता येतो. मोठी गाठ, महाशिरेत शिरलेली गाठ, किडनी किंवा रक्तवाहिनीचा भाग काढावा लागण्याची शक्यता, किंवा केमोनंतरही मार्कर वाढलेले असणं, यांपैकी काही असेल तर ओपनच बरं. रुग्णाने हट्ट धरून सर्जनला छिद्रांकडे ढकलू नये, आणि सर्जननेही रुग्णाला ढकलू नये.

१०. छोट्या छिद्रांतून सगळ्या गाठी निघतात का? त्याने कॅन्सर पोटात पसरत नाही ना?

शंका रास्त आहे आणि तिला सरळ उत्तर द्यायला हवं.

निघू शकतात. अनुभवी हातांत रोबोटिक ऑपरेशनमध्ये निघणाऱ्या ग्रंथींची संख्या ओपनच्या तोडीची असते. पण सुरुवातीच्या काळातल्या दुर्बिणीच्या ऑपरेशनांबद्दल एक आक्षेप होता. ग्रंथींत कॅन्सर निघालेल्या जवळपास प्रत्येक रुग्णाला नंतर केमो दिली जायची. त्यामुळे रुग्ण ऑपरेशनने बरा झाला की केमोने, हे कळायला मार्ग नव्हता. काही ठिकाणी तर महाधमनीच्या मागच्या ग्रंथी सोडून दिल्या जात. आरपीएलएनडी हे नमुना घेण्याचं ऑपरेशन नाही. कॅन्सर काढून रुग्णाला बरं करणं हा त्याचा हेतू आहे, आणि तो पद्धतीप्रमाणे बदलता कामा नये.

पसरण्याबद्दल सांगायचं तर, अमेरिकेतल्या इंडियाना विद्यापीठाच्या डॉक्टरांनी २०१९ च्या सुमारास असे काही रुग्ण नोंदवले ज्यांना रोबोटिक ऑपरेशननंतर कॅन्सर नेहमीपेक्षा वेगळ्या जागी, पोटाच्या अस्तरावर वगैरे परत आला. असे रुग्ण थोडे आहेत, आणि पद्धत दोषी की ते ऑपरेशन करण्याची रीत, यावर तज्ज्ञांत मतभेद आहेत. सावधगिरी म्हणून गाठ न फोडता, न चिमटता काढणं, आतच पिशवीत भरून बाहेर आणणं आणि लसिकावाहिन्या क्लिपने बंद करणं, हे पाळलंच पाहिजे. ओपन विरुद्ध रोबोट अशी चिठ्ठ्या टाकून केलेली मोठी तुलना झालेली नाही. म्हणूनच ही पद्धत अनुभवी केंद्रांतच करावी, असं मार्गदर्शक तत्त्वं सांगतात.

११. ऑपरेशननंतर लैंगिक संबंध ठेवता येतील का? मूल होईल का?

हा प्रश्न बहुतेक जण शेवटी, उठता उठता विचारतात. तो आधी विचारायचा आहे.

ताठरता, इच्छा आणि सुखाची भावना या तिन्हींवर या ऑपरेशनचा सहसा परिणाम होत नाही, कारण त्यांच्या नसा वेगळ्या आहेत. परिणाम होऊ शकतो तो वीर्य बाहेर येण्यावर. वीर्य पुढे ढकलणाऱ्या बारीक नसा मणक्याच्या दोन्ही बाजूंच्या साखळीतून निघून महाधमनीच्या समोर एकत्र येतात, म्हणजे नेमक्या ग्रंथींच्या गर्दीतून जातात. त्या तुटल्या तर वीर्य उलट मूत्राशयात जातं किंवा पुढे ढकललंच जात नाही. पहिल्या प्रकारात संबंधांनंतरची लघवी गढूळ दिसते. तब्येतीला त्याने काही अपाय नाही, पण नैसर्गिकरीत्या मूल होणं अवघड होतं.

या नसा एकेक शोधून वाचवता येतात. त्याला नर्व्ह-स्पेअरिंग म्हणतात. केमो न झालेल्या रुग्णांत, अनुभवी सर्जनकडे, ९० टक्क्यांहून अधिक जणांचं वीर्यस्खलन पूर्ववत राहतं. केमोनंतरच्या ऑपरेशनमध्ये हे प्रमाण कमी होतं, आणि गाठ नसांवरच बसलेली असेल तर कॅन्सर सोडून नसा वाचवू नयेत. रोबोटच्या मोठ्या चित्रात नसा छान दिसतात हे खरं, पण ओपनमध्येही त्या तितक्याच वाचवता येतात.

सुरुवातीला वीर्य आलं नाही तर लगेच घाबरू नका. नसा दुखावल्या असतील पण तुटल्या नसतील, तर काही महिन्यांत सुधारणा होते. काहींना इमिप्रामिन किंवा स्यूडोएफेड्रिनसारख्या औषधांनी फरक पडतो (डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्यायची). तेही जमलं नाही तर लघवीतून किंवा थेट वृषणातून शुक्राणू मिळवून आयव्हीएफ करता येतं.

१२. शुक्राणू साठवायचे तर कधी?

शक्य असेल तर वृषण काढण्याआधीच, नाहीतर केमो किंवा आरपीएलएनडीच्या आधी कधीही. केमो सुरू झाल्यावर उशीर होतो. लग्न झालेलं नाही, मुलाचा विचारही नाही, अशा १८-२० वर्षांच्या मुलानेही साठवावेत. आईवडिलांनी हा विषय संकोचाने टाळू नये. मुलाला डॉक्टरांशी एकट्याने बोलू द्या, ते त्याला सोपं जातं.

१३. धोके काय आहेत?

कुठल्याही मोठ्या ऑपरेशनचे धोके इथेही आहेत: रक्तस्राव, जंतुसंसर्ग, पायाच्या शिरेत रक्ताची गुठळी होऊन ती फुप्फुसात जाणं, आतडं किंवा मूत्रवाहिनी दुखावणं, आतड्याची हालचाल काही दिवस मंदावणं. पायातली गुठळी टाळण्यासाठी लवकर चालायला लावतात आणि गरजेप्रमाणे रक्त पातळ ठेवणारं इंजेक्शन देतात.

या ऑपरेशनचा खास धोका म्हणजे पोटात लसिकाद्रव झिरपणं. आतड्यांतून शोषलेली चरबी ज्या वाहिन्यांतून वर जाते, त्या याच भागातून जातात. एखादी उघडी राहिली तर दुधासारखा पांढरा द्रव पोटात साठतो. ऑपरेशननंतर काही दिवसांनी किंवा आठवड्यांनी पोट फुगत चाललं, वजन वाढलं, भूक मेली, धाप लागली तर ‘गॅस असेल’ म्हणून थांबू नका, दाखवा. हे शेकड्यातल्या थोड्याच रुग्णांत होतं. बहुतेक वेळा चरबी जवळजवळ बंद केलेला आहार आणि द्रव काढण्यासाठी नळी एवढ्याने बरं होतं. पुन्हा ऑपरेशन क्वचितच लागतं. काही सर्जन खबरदारी म्हणून सगळ्यांनाच पहिले दोन ते चार आठवडे कमी चरबीचा आहार देतात. तसं सांगितलं असेल तर तळलेलं, तूप, साय, लोणी खरोखरच बंद ठेवा.

पायाला कायमची सूज येईल का, असंही विचारतात. या ऑपरेशननंतर ती सहसा येत नाही. प्रतिकारशक्तीही कमी होत नाही.

१४. छिद्रांनी सुरू केलं आणि मध्येच पोट उघडावं लागलं तर?

तर सर्जनने योग्य निर्णय घेतला. रक्तस्राव, घट्ट चिकटलेले पदर किंवा अपुरी दिसणारी जागा, यांपैकी काहीही कारण पुरेसं आहे. संमतीपत्रावर सही करताना ही शक्यता त्यात लिहिलेली असते. ती मनापासून मान्य असेल तरच सही करा.

१५. ऑपरेशनच्या आधी काय तयारी?

ताजा सीटी स्कॅन आणि ताजे मार्कर हवेत. जुन्या स्कॅनवर हे ऑपरेशन करू नये. सिगारेट बंद. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर आधी सांगा.

केमो झाली असेल तर ती कुठली, किती सायकल आणि ब्लिओमायसिन होतं का, हे भूलतज्ज्ञांना तोंडाने सांगा, कागद दाखवा. बीईपीमधला ‘बी’ म्हणजे ब्लिओमायसिन, आणि तो फुप्फुसांना इजा करू शकतो. अशा रुग्णाला भूल देताना गरजेपेक्षा जास्त ऑक्सिजन आणि जास्त सलाइन दोन्ही टाळतात. पुढे आयुष्यात कधीही, कुठल्याही कारणासाठी भूल घ्यावी लागली तरी ही माहिती द्या.

१६. किती दिवस अॅडमिट? कामावर, जिमला कधी?

ऑपरेशनला साधारण चार ते सहा तास लागतात, केमोनंतरचं असेल तर जास्त. छिद्रांच्या पद्धतीत बरेच जण एक ते तीन दिवसांत घरी जातात, ओपनमध्ये आणखी काही दिवस लागतात. खरा फायदा इथेच आहे: वेदना कमी, रक्तस्राव कमी, व्रण लहान आणि लवकर उठणं. बसून करायचं काम दोन-तीन आठवड्यांत सुरू होतं. वजन उचलणं, व्यायामशाळा, मैदानी खेळ यांना चार ते सहा आठवडे थांबा. बाहेरची छिद्रं दहा दिवसांत भरलेली दिसतात आणि तरुण मुलं लगेच धावायला लागतात. आतली जखम अजून ताजी असते, हे त्यांना घरच्यांनी सांगत राहावं.

खांदा दुखला तर तो बहुधा पोटात भरलेल्या वायूमुळे असतो. दोन-तीन दिवसांत थांबतो.

१७. ग्रंथींचा रिपोर्ट आला. पीएन१, पीएन२ म्हणजे काय? आता केमो लागणार का?

हे केमोआधी केलेल्या ऑपरेशनबद्दल. पीएन० म्हणजे ग्रंथींत कॅन्सर नाही. पीएन१ म्हणजे पाच किंवा त्याहून कमी ग्रंथींत कॅन्सर आणि एकही २ सेंटिमीटरपेक्षा मोठी नाही. याहून जास्त म्हणजे पीएन२, आणि ५ सेंटिमीटरच्या वर पीएन३. नॉन-सेमिनोमात पीएन१ असेल आणि ऑपरेशन पूर्ण झालं असेल तर बहुधा फक्त लक्ष ठेवतात, कारण बहुसंख्यांना पुन्हा होत नाही. पीएन२ मध्ये धोका ५० टक्क्यांपर्यंत जातो, म्हणून केमोच्या दोन सायकल सुचवल्या जातात. पीएन३ मध्ये पूर्ण केमो. ग्रंथींत फक्त टेराटोमा निघाला तर केमो नको.

पीएन० आलेल्यांपैकीही सुमारे १० टक्क्यांना पुढे कॅन्सर परत येतो, बहुधा फुप्फुसांत. म्हणून ऑपरेशन स्वच्छ निघालं तरी छातीच्या तपासण्या आणि मार्कर चुकवू नका. पोटाचे सीटी मात्र पुष्कळ कमी करता येतात.

१८. माझ्या मूळ गाठीत टेराटोमा होता. त्याने निर्णय बदलतो का?

बदलू शकतो. मूळ गाठीत टेराटोमा असेल तर ग्रंथींतही तो असण्याची शक्यता वाढते, आणि तिथे केमो चालत नाही (प्रश्न ८). स्टेज २ए आहे, मार्कर नॉर्मल आहेत आणि मूळ गाठीत टेराटोमा आहे, अशा रुग्णाला केमोऐवजी आधी ऑपरेशन सुचवणं तर्काला धरून आहे. गाठीतला बराचसा भाग दुसऱ्या आक्रमक प्रकारच्या कॅन्सरमध्ये बदललेला असेल तर हे आणखी लागू होतं.

१९. आधी हर्नियाचं किंवा न उतरलेल्या वृषणाचं ऑपरेशन झालं होतं. वजनही जास्त आहे. चालेल ना?

जांघेत किंवा अंडकोषावर आधी छेद झाला असेल तर लसिकेचा मार्ग बदललेला असू शकतो, आणि जांघेतल्या ग्रंथीही तपासाव्या लागतात. ही गोष्ट लहानपणची असली तरी सांगा. आईवडिलांना बऱ्याचदा आठवते, रुग्णाला नाही. जास्त वजन किंवा पोटाची जुनी ऑपरेशनं यांमुळे काम अवघड होतं, पण दरवाजा बंद होत नाही. घोड्याच्या नालेसारखी जोडलेली किडनी असेल तर तिच्या रक्तवाहिन्या अनियमित असतात. असं ऑपरेशन फार अनुभवी हातांतच द्यावं.

२०. सर्जनला काय विचारू? विचारलं तर राग येणार नाही ना?

चांगल्या सर्जनला राग येत नाही. विचारा: आरपीएलएनडी तुम्ही नियमित करता का? ओपनही करता का? (जो फक्त रोबोटिक करतो त्याला मध्येच पोट उघडण्याची वेळ आली तर काय, हे महत्त्वाचं आहे.) महाधमनीच्या मागच्या ग्रंथी काढता का? माझ्या नसा वाचवता येतील का? कुठला पट्टा काढणार, एका बाजूचा की दोन्ही? ग्रंथींत कॅन्सर निघाला तर पुढचा बेत काय? आणि हा निर्णय कॅन्सरतज्ज्ञ, यूरॉलॉजिस्ट, रेडिओलॉजिस्ट आणि पॅथॉलॉजिस्ट यांनी एकत्र बसून घेतला आहे का?

हा आजार दुर्मीळ आहे. प्रोस्टेटची शेकडो रोबोटिक ऑपरेशनं केलेल्या सर्जनने आरपीएलएनडी अगदी मोजकी केलेली असू शकतात. रोबोटचा अनुभव आणि या आजाराचा अनुभव या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दोन्ही एकाच माणसाकडे नसतील तर या आजाराच्या अनुभवाची निवड करा, मग छेद मोठा झाला तरी चालेल.

२१. ऑपरेशन होऊनही त्याच भागात परत गाठ आली. आता?

आधी मार्कर आणि छाती-पोटाचे स्कॅन करतात. त्याच पट्ट्यात गाठ परत आली तर बहुधा पहिल्या वेळी काही ऊती मागे राहिलेल्या असतात. नॉन-सेमिनोमात मार्कर नॉर्मल आहेत आणि गाठ हळू वाढते आहे, तर टेराटोमाची शंका घेऊन पुन्हा ऑपरेशन करतात. मार्कर वाढले असतील आणि आधी केमो झाली नसेल, तर केमो. उपचार संपून दोन वर्षांनंतर आलेली गाठ मात्र वेगळी वागते: ती केमोला कमी दाद देते, म्हणून काढता येण्यासारखी असेल तर काढण्यावर भर असतो. दुसऱ्यांदा करायचं ऑपरेशन पहिल्यापेक्षा अवघड असतं आणि ते सहसा ओपनच करतात. अशा रुग्णाने आपले पहिल्या ऑपरेशनचे कागद, पॅथॉलॉजीचे ब्लॉक (मेणात जपून ठेवलेले गाठीचे तुकडे) आणि आधीचे सगळे स्कॅन घेऊन हे काम वरचेवर करणाऱ्या केंद्रात जावं.